डाव्या बाजूची पट्टी

परवा कॉलेज रोडच्या सिग्नलला मी रिक्षात बसले होते आणि शेजारी एक मोटरसायकल येऊन थांबली. तिच्या इंजिनातून निघून खाली वळणाऱ्या पाइपला तपकिरी पट्टी गुंडाळलेली होती, मोडलेल्या हाताला बांधतात तशी, एकावर एक वेढे चढवून. मी रिक्षातून अर्धी बाहेर वाकले आणि गाडीच्या पलीकडच्या बाजूलाही तशीच पट्टी आहे का, ते बघायला लागले. गाडीवरच्या मुलाला वाटलं मला चक्कर आली. “काय झालं आजी?” असं त्याने विचारलं. आजी म्हटल्याचा राग गिळून मी त्याला पट्टी कशासाठी म्हणून विचारलं. तो म्हणाला, पायाला हीट कमी लागते आणि गाडीला लुक येतो. मग मी विचारलं, “मागे कोण बसतं?” त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या आईची हेर आहे. सिग्नल सुटला आणि तो उत्तर न देता निघून गेला. उत्तर न देणाऱ्या माणसाबद्दल माझं मत काय असतं, ते माझ्या घरच्यांना ठाऊक आहे.

संशय आमच्याकडे आईच्या बाजूने आला. मी तो आईकडून घेतला, आईने तिच्या वडिलांकडून, म्हणजे नांदगावच्या तात्यांकडून. दुधात पाणी आहे का हे बघायला आई दुधाचा थेंब नखावर घेऊन बघायची. तात्या तर विहिरीच्या पाण्यावरही विश्वास ठेवत नसत, आधी चूळ भरून थुंकायचे आणि मग प्यायचे. आप्पा, म्हणजे माझे वडील, अगदी उलटे. त्यांना कोणाचा संशय यायचा नाही आणि आपला कोणाला येऊ शकतो, हे तर त्यांच्या डोक्यातच यायचं नाही. शिवाय ते बोलत नसत. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात ते फिटर होते, दिवसभर यंत्रांच्या आवाजात उभे राहायचे आणि घरी आले की त्यांना शांतता हवी असायची. असा न बोलणारा माणूस आणि अशी न विश्वासणारी बाई पंचवटीतल्या दोन खोल्यांत राहत होती, आणि मधे मी, दहावीतली.

आप्पांच्या मोटरसायकलला दोन सायलेन्सर होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. तिचा आवाज मी अजून ओळखेन. गल्लीच्या तोंडाशी ती वळली की आई तव्यावर भाकरी टाकायची आणि आप्पा पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत भाकरी फुगलेली असायची. ज्वारी नाही, बाजरी, नांदगावची सवय. पण त्या गाडीवर आई कधीच बसली नाही. एकदाच बसली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी. सगळ्या बायका बसतात तशी ती डावीकडे दोन्ही पाय सोडून बसली आणि उतरताना डाव्या सायलेन्सरला तिचा पाय लागला. घोट्याच्या वर चार बोटं, तिरपा, लांबट डाग पडला. तो पुढे कधी गेलाच नाही, भांडी घासायला ती साडी खोचून बसली की मला दिसायचा.

त्या डागापेक्षा मोठं जे झालं ते त्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आमच्या भागात लेकी आखाजीला माहेरी जातात, तशी आई नांदगावला गेली. पाय धुताना तात्यांनी डाग पाहिला. आईने सांगितलं की सायलेन्सर लागला. तात्यांना ते पटलं नाही, कारण सासरी डागलेल्या लेकी असंच काहीतरी सांगतात हे त्यांनी पाहिलेलं होतं. आप्पा आईला न्यायला आले तेव्हा ओट्यावर चार भाऊबंद बसलेले होते. त्यांच्यासमोर तात्यांनी विचारलं, “माझ्या पोरीला डागलं का तुम्ही?” आप्पांनी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. एक अक्षर न बोलता ते आईला घेऊन निघाले आणि त्यानंतर नांदगावची पायरी चढले नाहीत. आई दर आखाजीला आणि दिवाळीला एकटी जायची, पुढे मला घेऊन. आप्पा आम्हाला स्टँडवर सोडायचे, पिशवी खिडकीतून आत द्यायचे आणि बस हलण्याआधी मागे वळायचे. “त्या गाडीनं माझं माहेर खाल्लं,” असं आई म्हणायची. तिने गाडीवर बसणं सोडलं, पण तात्यांसमोर आप्पांची बाजू मात्र तिने कधी सोडली नाही. डाग सायलेन्सरचाच आहे, हे ती दर वर्षी सांगायची आणि तात्या दर वर्षी दुसरीकडे बघायचे.

तर त्या हिवाळ्यात, एका शनिवारी दुपारी, आप्पा एक पांढरट पट्टीचं भेंडोळं घेऊन आले. बेकरीच्या भट्टीच्या पाइपला गुंडाळतात ती, अ‍ॅस्बेस्टॉसची. आज ती उघड्या हातांनी कोणी धरू देणार नाही, ती छातीला घातक असते हे तेव्हा आम्हाला ठाऊकच नव्हतं. आप्पांनी ती आंघोळीच्या बादलीत भिजत घातली, त्यावरून आईने थोडं ऐकवलं. मग अंगणात गोणपाट टाकून ते डाव्या बाजूला मांडी घालून बसले आणि इंजिनाजवळच्या वळणापासून पट्टी गुंडाळत मागे सायलेन्सरच्या पोटापर्यंत आले. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवायचा, ताणून धरायचा, मग पुढचा. टोकं त्यांनी तारेने पिळून बांधली आणि त्यावर परत दुसरा थर चढवला. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसले होते. हे कशाला, असं मी विचारलं. गरम लागू नये म्हणून, आप्पा म्हणाले. मी वाट पाहत बसले की आता ते उजव्या बाजूला जातील. ते हात धुवायला उठले. भेंडोळ्यात अजून बरीच पट्टी शिल्लक होती.

“आणि त्या बाजूला?” मी विचारलं.

“तिकडे गरज नाही.”

या तीन शब्दांनी आमच्या घरात जे केलं ते वर्षानुवर्षांच्या भांडणांनी केलं नसतं. आई आत वांगी भाजत होती आणि तिने ते ऐकलं. आप्पांनी गाडी चालू केली तशी ओल्या पट्टीतून पांढरा धूर निघायला लागला, शेजारपाजारचे लोक धावत आले, कोणी वाळू आणली, कोणी आप्पांना बाजूला ओढलं. सगळे हसून घरी गेले तरी आई चुलीपासून उठली नाही. जळक्या कापडासारखा वास आमच्या घरात कितीतरी दिवस राहिला. रात्रीच्या भरताला तो लागला होता, निदान मला तरी तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आप्पा सकाळीच ओव्हरटाइम म्हणून निघून गेले. गेल्या काही रविवारांपासून हे चाललं होतं. आईने मला समोर बसवलं आणि मटार सोलता सोलता जे सांगितलं ते मी पुढे नोकरीत, विम्याचे दावे तपासताना, कित्येकदा आठवलं आहे, कारण त्यात एकही कच्चा दुवा नव्हता. आप्पा स्वतः गाडीवर दोन्हीकडे पाय टाकून बसतात, त्यांना गरम लागत असेल तर दोन्ही पायांना लागायला हवं. मागे पुरुष बसला तर तोही दोन्हीकडे पाय टाकणार. “मग एका बाजूला पाय सोडून कोण बसतं?” असं म्हणून ती पुढची शेंग सोलायला लागली.

त्यानंतर आम्ही दोघींनी त्या गाडीची जी तपासणी केली तशी कारखान्यात विमानाचीही होत नसेल. मागे बसणाऱ्या बाईच्या पायासाठी डावीकडे जी पट्टीवजा पायरी असते, ती आमच्याकडे वर्षानुवर्षं गंजून वर चिकटलेली होती. ती आता बोटाने खाली पडत होती, तिला तेल दिलेलं होतं. मागच्या सीटवर आमचंच जुनं घोंगडं घडी करून दोरीने बांधलेलं होतं. रविवारी संध्याकाळी आप्पांच्या शर्टाला स्पिरिटचा वास यायचा, दवाखान्यात येतो तसा, आणि त्यांना भूक नसायची. एकदा त्यांनी हरभऱ्याचे हिरवे डहाळे आणले, मुळांना काळी माती चिकटलेली. कुठले, असं मी विचारलं तर म्हणाले, एकाच्या शेतातले. आईने ते डहाळे भाजले, आम्हाला दिले आणि स्वतः एक दाणासुद्धा तोंडात टाकला नाही. मग आप्पांच्याच खात्यातल्या एका माणसाची बायको पिठाच्या गिरणीत भेटली आणि सहज बोलून गेली की रविवारचं काम तर दिवाळीपासून बंदच आहे.

मी आईला म्हटलं, सरळ विचार ना. तिने मान हलवली. विचारलं तर ते काहीतरी सांगतील आणि मग मला ते खरं मानावं लागेल, असं ती म्हणाली. मला तेव्हा हे फार शहाणपणाचं वाटलं होतं.

शेवटचा पुरावा मागच्या चाकात सापडला. चेनच्या कव्हरपाशी एक कापडाची चिंधी अडकली होती, हाताच्या पंजाएवढी, ग्रीसने एका कडेला काळी झालेली. आईने ती धुतली, वाळवली, उजेडात धरली. सुती, पांढरी, पातळ, बिनफुलांची. आप्पांच्या खात्यातला एक माणूस वर्षभरापूर्वी वारला होता आणि त्याच्या जागी त्याच्या बायकोला कामावर घेतलं होतं. तिच्या अर्जासाठी आप्पाच धावपळ करत होते. आम्ही भेटायला गेलो होतो तेव्हा ती पांढऱ्या साडीत बसली होती आणि आप्पांशी बोलताना तिने पदर सावरला होता. हे एवढंसं आईला आठवलं आणि तिथेच निकाल लागला. तिने ती चिंधी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. त्या दिवसापासून ती आप्पांना वाढायची, पण त्यांच्या ताटाकडे बघायची नाही. आप्पांना यातलं काहीही कळलं नाही. भाकरी आज जाड झाली, एवढंच ते एकदा म्हणाले.

पुढच्या रविवारी आप्पांची गाडी गल्लीतून बाहेर पडली आणि आईने पलंगाखालून भरलेल्या दोन पिशव्या काढल्या. मी नांदगावला जाते, परत येईन असं नाही, असं तिने सांगितलं. माझी परीक्षा जवळ आली होती, म्हणून मला हवं तर राहायची मोकळीक होती. मी चप्पल घातली. मला घर मोडायची भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू, पण त्याहून जास्त भीती तिला एकटीने बसमध्ये बसू देण्याची वाटत होती. जुन्या सीबीएस स्टँडवर बस मिळाली. ओझरला कारखान्याच्या फाटकासमोरून जाताना आईने मान वळवून पाहिलं. फाटक बंद होतं, सायकलस्टँड रिकामा होता, एक पहारेकरी उन्हात खुर्ची टाकून बसला होता. चांदवडच्या पुढे ती बोलली, आणि जे बोलली त्याने मला तिच्या अंगावर काय ओझं आहे ते पहिल्यांदा समजलं. नवरा हातचा गेला याचं दुःख होतंच. पण इतकी वर्षं ज्या बापासमोर तिने त्या नवऱ्याची बाजू घेतली, त्या बापाच्या दारात जाऊन आता तिला म्हणावं लागणार होतं की तात्या, तुमचंच खरं होतं. हे वाक्य ती मनमाड येईपर्यंत ओठांत पुटपुटत होती.

नांदगावला स्टँडपासून तात्यांचं घर चालत जाण्याजोगं. आजी केव्हाच गेलेली, तात्या एकटेच राहायचे, शेत वाट्याने दिलेलं. गल्ली वळलो आणि आई अशी थांबली की मी तिच्या पाठीवर आपटले. तात्यांच्या अंगणात, कडुनिंबाखाली, आप्पांची मोटरसायकल उभी होती. डावी बाजू आमच्याकडे होती आणि पट्टीवर चिखल वाळला होता.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते मी सांगते, कारण आईच्याही मनात तेच आलं होतं. आम्हाला वाटलं आप्पांना आमचा सुगावा लागला, ते आमच्या आधी येऊन पोहोचले आणि आता तात्यांना स्वतःची बाजू सांगून बसलेत. आईने पदराची गाठ मुठीत धरली आणि पुढे निघाली. तेवढ्यात दारातून तात्या बाहेर आले. त्यांचा एक हात आप्पांच्या खांद्यावर होता. डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता, काठीसारखा पुढे यायचा, आणि त्याच्या पावलाला पांढरं बँडेज होतं. दिवाळीत आम्ही आलो तेव्हा हेच तात्या आम्हाला शेतावर घेऊन गेले होते. आप्पांनी त्यांना गाडीजवळ आणलं, घोंगड्यावर एका बाजूने बसवलं, दोन्ही पाय डावीकडे, आणि धोतराचा सोगा चाकात जाऊ नये म्हणून नीट खोचून दिला. मग त्यांनी वर पाहिलं.

तात्याच आधी बोलले. “सुमे? तू कशी आलीस आज? आखाजी लांब हाय अजून.”

पुढचं सगळं तात्यांनी गाडीवर बसल्या बसल्याच सांगितलं आणि आप्पा खाली बघत उभे राहिले. दिवाळीनंतर शेतात पायात काटा मोडला होता. तात्यांना साखरेचा आजार, पावलांना काही कळायचंच नाही, कळेपर्यंत पाऊल सुजलं आणि मनमाडच्या दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली, आणि अंथरुणावर पडून पडून गुडघाही आखडला. रोजची मलमपट्टी इथला कंपाउंडर करायचा, रविवारी मनमाडच्या डॉक्टरांना दाखवायला जायचं असायचं. एकदा मनमाडच्या स्टँडवर त्यांना बसची पायरी चढता येईना, तेव्हा कोणाच्या तरी लग्नाला आलेल्या आप्पांनी त्यांना पाहिलं. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. आप्पांनी गाडी आणली, त्यांना बसवलं आणि घरी सोडलं. पाय वाकत नसल्याने दोन्हीकडे टाकून बसता येत नव्हतं, म्हणून बायकांसारखं बसवलं. ताठ पाय सायलेन्सरला टेकला होता आणि नांदगाव येईपर्यंत तसाच टेकून राहिला. तात्यांना काहीच जाणवलं नाही. सकाळी कंपाउंडरने धोतर वर करून दाखवलं तेव्हा कळलं.

“दोन दिस बघत बसलो मी त्या डागाकडं,” तात्या म्हणाले. त्यांनी धोतर वर सरकवलं. घोट्याच्या वर चार बोटं, तिरपा, लांबट. “सुमे, तुझा डाग खरा होता. पुढच्या रविवारी जावई आले तवा त्यांचे पाय धरायला निघालो, तर वाकता येईना.”

सुमनला, म्हणजे आईला, सांगू नका, अशी शपथ तात्यांनीच आप्पांना घातली होती. बोटं गेलेली तिला कळायला नको, आखाजीला येईल तेव्हा मी चालत समोर जाईन. आणि आप्पांनी शब्द दिला म्हणजे दिला. दर रविवारी पंचवटी ते नांदगाव, तिथून मनमाड, परत नांदगाव आणि परत घरी. त्यांच्यासारख्या माणसाला न सांगणं फार अवघड गेलं नसेल, असं मला आजही वाटतं आणि त्याचा मला आजही थोडा राग येतो.

मला वाटलं आई आता रडेल, तात्यांच्या गळ्यात पडेल. ती गाडीजवळ गेली. आप्पांना म्हणाली, गाडी चालू करा. आप्पांनी किक मारली. ती खाली वाकली आणि पट्टीवर तळहात ठेवला. अंगण धुराने भरलं, शेजारची माणसं दारात आली, तरी ती हात ठेवून वाकलेलीच. तात्या वरून म्हणाले, लागत नाय गं, जावयांनी दोन थर दिलेत. तिने ऐकलं नाही. बऱ्याच वेळाने तिने हात काढला, उलटा करून पाहिला आणि सरळ उभी राहिली.

“मी सांगितलं तवा तुमाला पटलं नाय, तात्या. सोताचा पाय भाजला तवा पटलं.” तात्यांनी मान खाली घातली. मग ती आप्पांकडे वळली. “आणि तुम्ही. बाप माझा होता ना?”

आई म्हणाली, जा आता, डॉक्टर निघून जातील. गाडी गल्लीतून बाहेर पडेपर्यंत ती तात्यांच्या ताठ पायाकडे बघत होती.

त्या दिवशी तिने तात्यांचं घर झाडलं, डबे रिकामे करून घासले, पिठलं केलं. डबे घासताना ती एकसारखी बोलत होती, शेजाऱ्यांवर, कंपाउंडरवर, मनमाडच्या डॉक्टरांवर, कोणी कसं कळवलं नाही म्हणून. संध्याकाळी दोघं परत आले. तिने दोघांना वाढलं आणि आप्पांच्या ताटात भाकरी टाकताना ताटाकडे पाहिलं. तात्यांच्या ओट्यावर आप्पा इतक्या वर्षांनी आईच्या हातचं पाणी प्यायले, तेही तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. मी परसात हात धुवायला गेले तेव्हा आई तिथे उभी होती. दोरीवर तात्यांचं दुसरं धोतर वाळत होतं आणि त्याचा एक कोपरा फाटलेला होता. आईने पदराची गाठ सोडली, चिंधी काढली आणि त्या फाटलेल्या जागी लावून धरली. कड कडेला बसली.

मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “पांढरं कापड बघून मला त्या बाईचं लुगडं दिसलं गं. माझा बाप नाय दिसला.”